सिमेंटमध्ये राख का घालतात? पोझोलान म्हणजे काय आणि सिमेंटची गोणी कशी वाचायची

मी मूळचा भोर तालुक्यातल्या सारोळ्याचा. नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. पण नावाला ‘इंजिनीअर’ चिकटलं की गावाकडे सगळे इंजिनीअर सारखेच. कुणी घर बांधायला काढलं की मला व्हॉट्सअ‍ॅपवर सिमेंटच्या गोणीचा फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न असतो: “यात राख आहे म्हणतात. दुकानदाराने फसवलं का?”

प्रश्न चुकीचा नाही. गोणीवर खरंच ‘फ्लाय अ‍ॅश’ असं छापलेलं असतं आणि राख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चूल येते. म्हणून हा लेख. यात राख का घालतात, ती आत जाऊन काय करते, तिचा फायदा कुठे, तोटा कुठे, आणि तुमच्या घराचं काम सुरू असेल तर हातातल्या मोबाईलवर काय तपासायचं, हे सगळं एका ठिकाणी दिलं आहे.

थोडक्यात उत्तर

- सिमेंटमधली राख ही भेसळ नाही. ती भारतीय मानकात बसणारी, मोजून घातलेली सामग्री आहे. अशा सामग्रीला पोझोलान म्हणतात.
- पोझोलान घातलेलं सिमेंट सुरुवातीला हळू ताकद धरतं, पण पुढे बराच काळ धरत राहतं.
- त्यामुळे त्याला जास्त दिवस पाणी मारावं लागतं आणि सेंट्रिंग काढायची घाई चालत नाही. फसवणूक झालीच तर ती बहुतेक वेळा गोणीत नसते, या दिवसांच्या हिशोबात असते.

पोझोलान म्हणजे नेमकं काय?

इटलीत नेपल्स शहराजवळ पोझुओली नावाचं गाव आहे. तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की तो चुना पाण्याखालीसुद्धा घट्ट होतो, हे रोमन लोकांना दोन हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. त्यांनी त्यातून बंदरं बांधली. रोममधल्या पँथिऑन या देवळाचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट अशाच काँक्रीटचा आहे, आणि त्यात लोखंडी सळई नाही. त्या गावाच्या नावावरून ‘पोझोलाना’ हा शब्द आला.

व्याख्या साधी आहे. जी बारीक पूड नुसत्या पाण्यात कालवली तर घट्ट होत नाही, पण चुना आणि पाणी दोन्ही मिळाले की दगडासारखी होते, ती पोझोलान. या पुडीत मुख्यतः सिलिका असते, सोबत अ‍ॅल्युमिना.

आपल्याकडे हे ज्ञान वेगळ्या वाटेने आलं होतं. भोरजवळच्या रोहिडा किल्ल्यावर कधी गेलात तर तिथे चुन्याचा घाणा बघायला मिळेल: जमिनीत गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. बैल जुंपून त्यात चुना आणि वाळू मळत. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. पण पाण्याखाली हवा कुठून मिळणार? म्हणून जिथे पाण्याशी संबंध यायचा, तिथे देशभरचे जुने गवंडी चुन्यात विटांची पूड घालत. तीच सुरखी. सुरखी म्हणजे भाजलेल्या मातीचं पोझोलान.

हे फक्त टाकी-हौदापुरतं नव्हतं. म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर धरण सुरखीच्या मसाल्यात बांधलेलं आहे. ज्यांचं नाव त्या धरणाशी जोडलेलं आहे ते विश्वेश्वरय्या पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकले आणि त्यांचे स्वयंचलित दरवाजे आधी खडकवासल्याला बसले होते.

सिमेंटच्या आत काय घडतं?

आता थोडी केमिस्ट्री. दहावीचं पुस्तक आठवलं तरी पुरे.

चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की क्लिंकर नावाचे काळपट गोळे तयार होतात. ते थोड्या जिप्समसोबत दळले की साधं सिमेंट तयार होतं, म्हणजे ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट).

ओपीसीत पाणी पडलं की दोन गोष्टी तयार होतात:

१. कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. हा खरा डिंक. वाळू आणि खडी धरून ठेवतो तो हाच.
२. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुना. घट्ट झालेल्या सिमेंटच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा हा चुना असतो.

हा चुना अगदीच निरुपयोगी नसतो. सळईभोवती तो अल्कधर्मी वातावरण ठेवतो आणि त्यामुळे गंज लांब राहतो. पण ताकद त्याच्याकडून फारशी येत नाही. वर तो पाण्यात थोडाफार विरघळतो. भिंतीवर किंवा स्लॅबच्या खालच्या बाजूला पांढरे ओघळ दिसतात, त्यामागे बऱ्याचदा पाण्यासोबत बाहेर आलेला हाच चुना असतो.

इथे पोझोलान कामाला येतं. राखेतली सिलिका या मोकळ्या चुन्याला पकडते आणि त्याचा आणखी डिंक बनवते. जो चुना नुसता पडून होता तो कामाला लागतो. काँक्रीटमधली बारीक छिद्रं भरत जातात आणि पाणी आत शिरायला वाट कमी उरते.

पण क्रम लक्षात घ्या. आधी सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होणार, त्यातून चुना निघणार, मग राख त्याच्याशी जुळणार. म्हणजे राखेचं काम दुसऱ्या पाळीत सुरू होतं. ते आठवडे, महिने चालतं आणि त्याला सतत ओल लागते. फोनवर अपडेट इन्स्टॉल होत असताना ‘फोन बंद करू नका’ असं लिहून येतं ना? स्लॅब सुकू देणं म्हणजे अर्ध्या अपडेटला बॅटरी काढून घेणं. फोन पुन्हा चालू करता येतो. काँक्रीट एकदा आतून सुकलं की ती प्रक्रिया तिथेच अडते, आणि नंतर पाणी मारून सगळी भरपाई होत नाही.

सह्याद्री ज्वालामुखीचाच, मग आपला दगड का चालत नाही?

हा प्रश्न मला स्वतःला पडला होता. राजगड, तोरणा, रोहिडा, सगळे डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. आमच्याकडची खडी, क्रश सँड सगळं त्याच काळ्या दगडाचं. त्यातही सिलिका भरपूर आहे. मग तो दगड दळून सिमेंटमध्ये का घालत नाहीत?

उत्तर आहे थंड होण्याच्या वेगात. आपल्याकडचा लाव्हा जमिनीवर पसरला आणि सावकाश थंड झाला. सावकाश थंड होताना अणूंना रांगेत बसायला वेळ मिळतो आणि स्फटिक तयार होतात. स्फटिकातली सिलिका आपल्या जागी घट्ट असते, चुन्याने हाक मारली तरी ती हलत नाही. वाळूचंही तेच. वाळू म्हणजे बहुतांशी सिलिकाच, पण ती सिमेंटशी अशी जुळत नाही, नुसती भर म्हणून राहते.

पोझुओलीची राख मात्र स्फोटात हवेत उडाली आणि झटकन थंड झाली. अणूंना जागेवर बसायला वेळच मिळाला नाही. अशी अस्ताव्यस्त रचना काचेत असते, म्हणून तिला काचरूप सिलिका म्हणू. ही सिलिका अस्वस्थ असते. चुना भेटला की लगेच सोयरीक जमवते.

पुढे जे जे प्रकार येतील त्या सगळ्यांना हाच एक नियम लागू आहे: सिलिका किती आहे यापेक्षा ती काचरूप आहे का, आणि किती बारीक आहे, हे महत्त्वाचं.

पोझोलानचे प्रकार

फ्लाय अ‍ॅश. औष्णिक वीज केंद्रात कोळसा पिठासारखा दळून बॉयलरमध्ये फुंकतात. कोळसा जळतो, पण त्यातली माती वितळून थेंब होते आणि धुराबरोबर वर जाता जाता गोठून काचेच्या सूक्ष्म गोळ्या बनतात. चिमणीआधी बसवलेलं विजेवर चालणारं यंत्र या गोळ्या धुरातून ओढून घेतं. बहुतेक गोळ्या केसाच्या जाडीपेक्षा लहान असतात. महाराष्ट्रात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, पारस, परळी, एकलहरे अशा केंद्रांतून ही राख निघते. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण मुळातच जास्त, त्यामुळे तिचे डोंगर होतात. ती तळ्यांत साठवण्याचा धोका नागपूरजवळच्या लोकांनी पाहिला आहे: जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी आजूबाजूच्या शिवारात शिरलं. केंद्र सरकारने १९९९ साली अधिसूचना काढून वीज केंद्रांवर राखेच्या वापराची जबाबदारी टाकली आणि नंतर ते नियम कडक होत गेले. सिमेंट कारखाने हे या राखेचे मोठे गिऱ्हाईक आहेत.

सुरखी आणि भाजलेली चिकणमाती. चिकणमाती साधारण ६०० ते ८५० अंशांच्या दरम्यान भाजली की तिच्यातलं पाणी निघून जातं, रचना मोडते आणि ती पोझोलान बनते. त्याहून फार जास्त भाजली तर पुन्हा नवे स्फटिक तयार होतात आणि गुण जातो. म्हणून खंगर विटेची पूड सुरखी म्हणून कामाची नाही. शुद्ध पांढरी माती भाजून केलेल्या पोझोलानला मेटाकाओलिन म्हणतात.

भाताच्या तुसाची राख. हा प्रकार भोर-वेल्ह्याच्या माणसाला जवळचा. आमच्याकडे भातखाचरं, आंबेमोहोर, इंद्रायणी. भाताचं रोप जमिनीतून सिलिका ओढतं आणि ती तुसात साठवतं. १०० किलो भात भरडलं तर साधारण २० किलो तूस निघतं आणि ते जाळलं तर सुमारे ४ किलो राख उरते. त्या राखेत ८५ टक्क्यांहून जास्त सिलिका असू शकते. आजी ज्या तुसाच्या राखुंडीने दात घासायची, तिचा खरखरीतपणा बराचसा या सिलिकेचा. पण इथेही तोच नियम: तूस साधारण ७०० अंशांच्या आत, ताबा ठेवून जाळलं तरच सिलिका काचरूप राहते. उघड्यावर ढीग पेटवला तर कुठे जास्त तापतं, कुठे कोळसा तसाच उरतो. म्हणून घरच्या शेकोटीची राख सिमेंटमध्ये घालू नका. तिच्यावर कुठलाही भरवसा नाही.

सिलिका फ्यूम. सिलिकॉन आणि फेरोसिलिकॉन धातूच्या भट्टीतला धूर गोळा करून मिळणारी पूड. सिमेंटच्या कणापेक्षा सुमारे शंभरपट बारीक आणि जवळजवळ शुद्ध सिलिका. महाग आहे, त्यामुळे उंच इमारती, मोठे पूल अशा जास्त ताकदीच्या काँक्रीटमध्येच वापरतात. घराच्या कामात याची गरज नाही.

स्लॅग. लोखंडाच्या भट्टीतली मळी पाण्याच्या फवाऱ्याने झटकन थंड करून दळतात. पुन्हा तीच युक्ती, झटकन थंड. रायगड जिल्ह्यात डोलवीला पोलाद कारखाना आहे आणि तिथेच स्लॅगचं सिमेंटही बनतं. काटेकोर बोलायचं तर स्लॅग पोझोलान नाही, कारण त्यात स्वतःचा चुना बराच असतो आणि ते स्वतःही हळूहळू घट्ट होऊ शकतं. पण बाजारात आणि कामावर दोघांना एकाच पंगतीत बसवतात.

पुणे-सातारा महामार्गावर कॅप्सूलच्या आकाराचे मोठे बल्कर तुम्ही पाहिले असतील. त्यातून सुटं सिमेंट, फ्लाय अ‍ॅश, दळलेलं स्लॅग अशाच पुडी जातात. रेडिमिक्स प्लांटवर या वेगवेगळ्या सायलोंमध्ये भरतात आणि काँक्रीट बनवताना वजनावर मिसळतात.

इतका खटाटोप कशासाठी?

*कार्बन.* एक टन क्लिंकर बनवताना साधारण ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून जास्त इंधनाचा नसतोच, चुनखडी फुटताना तिच्यातूनच निघतो. म्हणजे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच. क्लिंकर कमी वापरणं हाच त्यावरचा सरळ उपाय.

*उष्णता.* सिमेंट घट्ट होताना तापतं. घराच्या स्लॅबला त्याचा फार त्रास होत नाही, पण धरणासारख्या जाड भिंतीत आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते आणि भेगा पडतात. राख घातली की उष्णता कमी आणि सावकाश निघते. नगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरचं घाटघर धरण हे याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण. रोलरने दाबून केलेल्या काँक्रीटचं ते भारतातलं पहिलं धरण, आणि त्याच्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. राख म्हणजे कमजोरी असं वाटणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

*टिकाऊपणा.* छिद्रं बारीक झाली की पाणी आणि मीठ आत शिरायला वेळ लागतो. म्हणून समुद्राकाठच्या बांधकामात स्लॅग आणि फ्लाय अ‍ॅशला पसंती असते.

*हाताळणी.* राखेचे कण गोल असतात, त्यामुळे काँक्रीट जरा सरकतं, पसरायला सोपं जातं. गवंडी म्हणतात “माल लोण्यासारखा होतो,” ते याचमुळे.

याची किंमत: दिवस आणि पाणी

आता मुद्द्यावर येऊ. फायदे सगळे खरे, पण ते आपोआप मिळत नाहीत.

भारतीय मानकांनी ठरवलेली किमान ताकद बघा. आकडे मेगापास्कलमध्ये आहेत. १ मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण १० किलोचा भार.

- ओपीसी ५३: ३ दिवसांनी २७, ७ दिवसांनी ३७, २८ दिवसांनी ५३
- ओपीसी ४३: ३ दिवसांनी २३, ७ दिवसांनी ३३, २८ दिवसांनी ४३
- पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट): ३ दिवसांनी १६, ७ दिवसांनी २२, २८ दिवसांनी ३३

हे किमान आकडे आहेत. चांगल्या कंपनीचं पीपीसी प्रत्यक्षात याहून बरंच वर जातं आणि २८ दिवसांनंतरही वाढत राहतं. पण पहिल्या आठवड्यातला फरक खरा आहे. ओपीसी ५३ ची सवय असलेल्या ठेकेदाराने पीपीसी वापरलं आणि सेंट्रिंग मात्र जुन्याच हिशोबाने काढलं, तर स्लॅबवर त्याच्या त्या दिवसाच्या ताकदीपेक्षा जास्त भार येऊ शकतो.

काँक्रीटचं मूळ मानक आहे आयएस ४५६. त्यात क्युरिंगबद्दल स्पष्ट लिहिलं आहे:

- ओपीसीचं काँक्रीट किमान ७ दिवस सतत ओलं ठेवायचं.
- राख किंवा स्लॅग असलेलं सिमेंट असेल तर किमान १० दिवस.
- कोरड्या, कडक उन्हाळ्यात कुठलंही सिमेंट असो, १० दिवसांपेक्षा कमी नाही. आणि राखेचं सिमेंट असेल तर ही मुदत १४ दिवसांपर्यंत न्यावी अशी शिफारस आहे.

सेंट्रिंगचंही तसंच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून लांब स्लॅबचे १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस आणि त्याहून लांब बीमचे २१ दिवस. पण हे आकडे ओपीसीसाठी आहेत. दुसरं सिमेंट असेल तर मुदत त्याप्रमाणे बदलावी असं मानक सांगतं. पीपीसीसाठी किती दिवस वाढवायचे ते तुमच्या कामाच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लिहून घ्या. अंदाजाने ठरवू नका.

कागदावर हे सोपं वाटतं. गावाकडे बांधकामाचा हंगाम कोणता? सुगी उरकली की, म्हणजे फेब्रुवारी ते मे. पावसाळ्याच्या आत छप्पर व्हायला हवं. आणि नेमकं तेव्हाच पाणी आटतं. सारोळ्याला निदान नीरा आहे, भाटघरचं पाणी सुटलं की आमच्या पुलाखालून जातं. पण भोर-वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांवर त्या दिवसांत प्यायचं पाणी टँकरने येतं. तिथल्या माणसाला “१४ दिवस स्लॅबवर पाणी उभं ठेव” सांगणं म्हणजे हंडे मोजायला लावणं. दुसरीकडे सेंट्रिंगचं सामान भाड्याचं, ते पुढच्या कामावर हवं असतं. दोन्हीकडून ओढ एकाच दिशेला: पाणी कमी, दिवस कमी. चांगली गोणी आणूनही काम कच्चं राहतं ते असं.

पाणी थोडं असेल तर हे करा:

- स्लॅबवर मातीचे किंवा मसाल्याचे छोटे वाफे करून त्यात पाणी उभं करा. दिवसातून चार वेळा पाइप फिरवण्यापेक्षा यात नासाडी कमी.
- कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा आणि त्यावर प्लॅस्टिक बांधा. ओल टिकते.
- पहिला आठवडा सर्वांत महत्त्वाचा. एक दिवस भरपूर आणि दोन दिवस कोरडं, असं करू नका.
- स्लॅब भरायची तारीख ठरवण्याआधी पाण्याची सोय ठरवा. मोबाईलवर १४ दिवसांचा रिमाइंडर लावा. गंमत नाही, घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींनी घ्यावी अशी ही जबाबदारी आहे.

गोणी कशी वाचायची?

गोणी उघडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा. मग हे शोधा.

१. *प्रकार.* ओपीसी, पीपीसी, पीएससी (स्लॅगचं) की कंपोझिट (राख आणि स्लॅग दोन्ही). ‘सुपर’, ‘स्ट्राँग’, ‘गोल्ड’ ही नावं कंपनीची असतात, त्यावरून प्रकार कळत नाही.

२. *मानकाचा क्रमांक.* ओपीसीला आयएस २६९, फ्लाय अ‍ॅशच्या पीपीसीला आयएस १४८९ भाग १, स्लॅगच्या सिमेंटला आयएस ४५५, कंपोझिटला आयएस १६४१५.

३. *राखेचं प्रमाण.* पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख चालते आणि प्रमाण गोणीवर छापलेलं असतं. म्हणजे ५० किलोच्या गोणीत साडेसात ते साडेसतरा किलो.

४. *कधीचं आहे.* आठवडा, महिना, वर्ष अशी नोंद असते. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. वेल्ह्याकडच्या पावसाळी हवेत तर आणखी काळजी घ्या.

५. *आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक.* हा ‘सीएम/एल’ ने सुरू होतो. आता मोबाईल काढा. प्ले स्टोअरवरून ‘बीआयएस केअर’ अ‍ॅप घ्या, त्यात ‘व्हेरिफाय लायसन्स डिटेल्स’ मध्ये हा क्रमांक टाका. कारखान्याचं नाव, पत्ता, परवाना चालू आहे की संपला आणि तो कोणत्या मालासाठी आहे, ते दिसतं. गोणीवरच्या मजकुराशी जुळत नसेल तर माल परत करा. तक्रार करायची सोयही त्याच अ‍ॅपमध्ये आहे.

मग घरासाठी कुठलं घ्यायचं?

वीटकाम, गिलावा, फरशी, पाया आणि साधा स्लॅब, या सगळ्याला पीपीसी चालतं, फक्त क्युरिंग आणि सेंट्रिंगचे दिवस पाळायचे. गिलाव्याला तर ते बरंच, माल मऊ होतो आणि कमी तापतो. जिथे ताकद लवकर हवी, साचे लवकर सोडवायचे आहेत, तिथे ओपीसी. रेडिमिक्स मागवत असाल तर चलनावर सिमेंट किती, राख किंवा स्लॅग किती, हे विचारून घ्या. प्लांटवर ओपीसीत राख मोजून मिसळतात, तेही मानकात बसतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पीपीसीत साइटवर आणखी राख मिसळली तर स्वस्त पडेल का?*
नको. त्यात राख आधीच आहे. आणखी घालायची तर काँक्रीटचं मिश्रण प्रयोगशाळेत नव्याने ठरवावं लागतं. घमेल्याने होणारं काम नाही ते.

*रंग गडद म्हणजे सिमेंट चांगलं?*
नाही. रंग कच्च्या मालावर आणि राखेवर अवलंबून असतो. हात घालून गार लागतं का, पाण्यात तरंगतं का, यावरूनही ताकद कळत नाही. ताकद कळते ठोकळे भरून, २८ दिवस पाण्यात ठेवून, यंत्रात फोडल्यावर.

*वीज केंद्राच्या तळ्यातली ओली राख चालेल का?*
सिमेंटमध्ये नाही. तिथे जाड-बारीक सगळं एकत्र असतं. सिमेंटसाठीच्या राखेला आयएस ३८१२ भाग १ लागू होतो. त्यात किती बारीक दळलेली हवी आणि न जळलेला कोळसा किती चालेल, याच्या मर्यादा आहेत. तळ्यातली राख भराव आणि विटांसाठी वापरतात.

*सिपोरेक्सचे ब्लॉक म्हणजे हेच का?*
नातं आहे. पुण्याकडे ज्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात त्या हलक्या एएसी ब्लॉकमध्ये अनेकदा फ्लाय अ‍ॅश आणि चुना असतो. तिथे वाट बघण्याऐवजी वाफेच्या दाबाखाली भाजून काही तासांत प्रक्रिया उरकतात.

*कोळशाची वीज केंद्रं बंद झाली तर राख कुठून आणणार?*
त्याची तयारी सुरू आहे. एलसी३ नावाच्या सिमेंटमध्ये साधारण निम्मंच क्लिंकर असतं. बाकी ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि थोडं जिप्सम. स्वित्झर्लंड, क्युबा आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून ते विकसित केलं. २०२३ मध्ये अशा सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे भारतीय मानकही आलं. भाजलेली चिकणमाती म्हणजे ओळखीचीच गोष्ट, आपली सुरखी. यंत्रं नवी आणि तापमानावर ताबा पक्का, एवढाच फरक.

*ठेकेदार म्हणतो, “सातव्या दिवशी सेंट्रिंग काढतो, आजवर काही झालं नाही.” काय करू?*
गोणीचा फोटो दाखवा आणि विचारा, हे ओपीसी की पीपीसी? पीपीसी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरने दिलेले दिवस लिहून दाखवा. स्लॅब भरला त्या दिवशी तारखेसकट फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, म्हणजे दिवस मोजताना वाद होत नाही. सेंट्रिंगचं चार दिवसांचं जास्त भाडं लागलं तर द्या.